गाण्याला काम असतं : गीतकार ना. धों. महानोर



वैशाखात दुपारी आपल्याकडे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि संध्याकाळी व्याख्यानाला मात्र माणसं येऊन बसतात. खानदेशाच्या या सवयीला मी आधी नमस्कार करतो.

आजचा विषय आहे गीतकार ना. धों. महानोर. रानकवी महानोर आपल्याला ठाऊक आहेत, त्यांच्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. त्यांच्या चित्रपटगीतांबद्दल मात्र आपण बहुधा एवढंच म्हणतो की गाणी फार गोड आहेत. तेवढ्यावर थांबलं तर त्यांच्यावर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं. कथेच्या अंगावर दागिना म्हणून गाणं घालायची चाल आपल्याकडे पडून गेली होती. महानोरांनी त्याला पुन्हा कामाला लावलं. कथा ओढायचं, माणसाचं मन उघड करायचं, न बोलता येण्यासारखं बोलायचं काम त्यांनी गाण्याला दिलं. ही ताकद त्यांच्याकडे कुठून आली, हे मला आज सांगायचं आहे. तिचा उगम आपल्या उंबऱ्यापाशीच आहे.

या जळगावचं गाण्याशी आणि कवितेशी असलेलं नातं आधी आठवून घेऊ. १९०७ साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन याच गावात भरलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला तिथंच ‘बालकवी’ हे नाव मिळालं. संगीत रंगभूमीचा मुकुटमणी असलेले बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, लहानपणी जळगावात राहिले आणि मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांच्या गळ्यावर पहिले संस्कार झाले. आणि इथून हाकेच्या अंतरावर, आसोद्याला, बहिणाबाई जन्मल्या. त्यांनी जात्यावर आणि शेतात जे रचलं ते १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानं आलं आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून घरोघर पोचलं. रंगभूमीचं पद, छापील कविता आणि बाईच्या ओठावरची ओवी अशा तिन्ही गोष्टी या मातीत शेजारी शेजारी नांदल्या. महानोर त्या तिन्हींचे वारस होते.

कागदोपत्री ते मराठवाड्याचे. नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा, पळसखेड्याचा. तालुका सोयगाव, जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद. मुलूख निजामाचा. पण नकाशा उघडून पाहा. सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेला, उताराला आहे. तिथलं पाणी वाघूरसारख्या नद्यांमधून तापीला येऊन मिळतं. बाजारहाट आपल्याकडचा, सोयरीक आपल्याकडची, बोलीवर जामनेरकडच्या तावडीची छाया. डोंगराच्या एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला खानदेश आणि पायथ्याला हे गाव. दोन्हीकडचे शब्द, दोन्हीकडची गाणी त्या मुलाच्या कानावर पडली.

आणि गाणी किती म्हणून होती! पहाटे जात्यावरच्या ओव्या. निंदणीला पात धरून बसलेल्या बायांची गाणी. एकीनं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी. श्रावणात कानबाई देवीची स्थापना झाली की रोट आणि रात्रीचं जागरण. जत्रेत तमाशाचा फड. भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू सिंदखेडकर ही फडांची नावं इथल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असतील. आणि ‘वही’. एकानं सांगायचं, साथीदारांनी झेलायचं, ठेका वाढत जायचा आणि रात्र सरत जायची, असा हा आपल्या भागातला लोकगायनाचा प्रकार. महानोरांनी १९७० साली आपल्या संग्रहाला नावच दिलं ‘वही’.

या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट सारखी आहे. यांतलं एकही गाणं नुसतं ऐकायसाठी जन्मलेलं नाही. ओवीनं दळण संपतं. निंदणीच्या गाण्यानं ओळ पुढं सरकते, उन्हाचा चटका सुसह्य होतो. कानबाईच्या गाण्याशिवाय देवी बसत नाही, विसर्जन होत नाही. सासरी काय सोसलं हे बाई बोलू शकत नाही, पण ओवीत गाऊ शकते आणि ऐकणाऱ्या शेजारणीला ते बरोबर कळतं. या परंपरेत गाण्याला काम असतं. महानोरांच्या गीतलेखनाची ही शाळा आहे.

दुसरी शाळा पुस्तकांची. पळसखेडे, पिंपळगाव आणि मग शेंदुर्णी. पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेनं तुम्ही कधी गेला असाल तर शेंदुर्णी पाहिलं असेल, त्रिविक्रमाच्या मंदिराचं गाव. तिथल्या शाळेत महानोरांना कविता भेटली. पुढं ते जळगावला महाविद्यालयात आले. पहिल्याच वर्षी शिक्षण सुटलं आणि पोरगा गावी परतून शेतीला लागला. बी.ए., एम.ए. होऊन प्राध्यापक व्हायचं, जमलं तर मुंबई-पुणं गाठायचं, ही त्या काळी लेखक होण्याची मळलेली वाट. महानोरांची वाट शेताकडं वळली. नाइलाजानं वळली असेल, पण नंतर पद्मश्री मिळाली, आमदारकी मिळाली, लता मंगेशकरांनी त्यांची गाणी गायली, तरी पळसखेडं सुटलं नाही.

१९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ प्रसिद्ध झाल्या आणि मराठी वाचक चमकला. रान दुरून पाहून वर्णन करणारे कवी आपल्याकडे होते. इथं रानात राबणारा माणूस बोलत होता. पीक आणि प्रेम, पाऊस आणि देह या गोष्टी त्याच्या मनात मुळातच वेगळ्या नव्हत्या. आणि त्या कवितेला गळा होता. ती मनातल्या मनात वाचली तरी ठेका धरते. संगीतकारांचं लक्ष तिच्याकडे गेलं ते उगाच नव्हे.

आता थोडं मागं जाऊ, कारण महानोरांनी काय केलं हे नीट समजायला मराठी नाटकातल्या आणि चित्रपटातल्या गाण्याचा प्रवास डोळ्यांपुढं हवा.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. तिथून संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी असे लोकांच्या ओठावरचे छंद घेतले, कीर्तनातल्या आणि लावणीतल्या चाली घेतल्या आणि पात्रं त्यांतून बोलू लागली. पद हा तेव्हा संवादाचाच भाग होता. १८९९ मध्ये देवलांच्या ‘शारदे’त तर आई-मुलीचं, मैत्रिणींचं बोलणं पदांतून इतकं सहज येतं की हे गाणं आहे, असं वेगळं सांगावं लागत नाही. पुढं १९११ मध्ये ‘मानापमान’ आलं, गळ्याचे राजे आले, राग-रागिण्यांची मैफल रंगली, ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडू लागले. त्या वैभवाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याची किंमत मोजावी लागली. पद सुरू झालं की कथा थांबे. गायक पुढं येई आणि पात्र मागं सरे.

बोलपटात १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून गाणं आलं ते याच रंगभूमीचा हात धरून. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे हेही रंगभूमीवरचेच. नंतर ग. दि. माडगूळकर, शांता शेळके, जगदीश खेबूडकर अशा समर्थ गीतकारांनी मराठी चित्रपटगीत समृद्ध केलं. त्यांनी प्रसंगाला नेमकी गाणी दिली, हे निर्विवाद. पण सत्तरच्या दशकापर्यंत गाण्याच्या जागा ठरून गेल्या होत्या. एक लावणी, एक प्रेमगीत, एखादी भक्तिरचना. गाणं काढून टाकलं तरी कथेला धक्का लागू नये, असे कितीतरी चित्रपट होते.

अशा वेळी, १९७७ मध्ये, ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डॉ. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, निर्मिती उषा मंगेशकरांची आणि गीतं ना. धों. महानोरांची. महानोर तेव्हा पस्तिशीचे होते. याआधी चित्रपटगीतकार म्हणून त्यांचं नाव नव्हतं.

या चित्रपटापाशी मला जरा थांबायचं आहे. गोष्ट ठाकर आदिवासींची. नाग्या हा ढोल वाजवणारा, भगताचा मुलगा. पुण्यवंताला राणीमाशी दिसते, हे त्याच्या मनात ठसलेलं. लिंगोबाच्या डोंगरावरच्या माश्या त्याला डसतात, त्याचा डोळा जातो आणि त्या डोंगरावरची पोळी उतरवल्याशिवाय राहायचं नाही, हा एकच ध्यास त्याला लागतो. चिंधी ही मनस्वी बाई. नको असलेला संसार ती टाकते आणि नाग्याच्या ध्यासात स्वतःला झोकून देते. शेवटी नाग्या जिंकतो, पण चिंधी जाते.

आता गीतकारापुढचा पेच पाहा. ही पात्रं बोलकी नाहीत. डोंगरात राहणारी, कमी शब्दांत जगणारी माणसं. नाग्याचा ध्यास संवादात सांगायला गेलं तर तो पुस्तकी वाटेल. नवरा टाकल्यावर चिंधीच्या देहामनात जे मोकळं झालं, ते तिच्या तोंडी भाषण म्हणून घातलं तर खोटं वाटेल. म्हणून ते सगळं गाण्यांकडे आलं. चित्रपटात डझनाहून अधिक गाणी आहेत. डोंगराची महती गाण्यात येते, ठाकरांची ओळख गाण्यात येते, नातं टाकल्याची घोषणा गाण्यात येते, मीलन गाण्यात येतं, भय गाण्यात येतं. समूहाचा आवाज कथा हातात घेऊन पुढं जातो आणि पात्रांच्या मनातलंही बोलतो. यांतली गाणी काढून ‘जैत रे जैत’ पाहून बघा, चित्रपट उरत नाही.

हे एकट्या गीतकाराचं श्रेय नाही. जब्बार पटेल नाटकातून आलेले. १९७२ मध्ये त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं होतं. त्यात गाणारा, नाचणारा माणसांचा समूहच नाटक तोलून धरतो. त्या नाटकातले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, इथं नाग्या झाले. त्याच नाट्यपरिवारातले रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे इथं लता मंगेशकर, आशा भोसले, उषा मंगेशकर यांच्याबरोबर गायले. ‘जैत रे जैत’ हा पडद्यावर आलेला संगीत नाटकाचा नवा अवतार आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. किर्लोस्करांच्या पदाकडे जे काम होतं, ते जवळजवळ शंभर वर्षांनी गाण्याकडे परत आलं.

महानोरांच्या लेखणीची करामत जवळून पाहायची तर दोन गोष्टी सांगतो. पहिली भाषेची. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची बोली ही महानोरांची बोली नव्हे. ते डोंगराचे असले तरी अजिंठ्याच्या डोंगराचे. दुसरा कुणी असता तर त्यानं चार ठाकरी शब्द गोळा करून ओळींत पेरले असते. महानोरांनी बोलीची नक्कल केली नाही. डोंगरातला माणूस काय पाहतो, कशाला हात लावतो, कशाला भितो, ते त्यांनी घेतलं. झाड, फळ, ढग, वारा, अंगावरचा शहारा. शब्द साधे, दोन-तीन अक्षरांचे, जोडाक्षरं कमी. त्यामुळं ती भाषा ठाकरांची वाटते आणि पळसखेड्याच्या बाईलाही परकी वाटत नाही.

दुसरी गोष्ट ठेक्याची. ढोल हे या चित्रपटाचं काळीज आहे. ढोलावर लांब, वळणदार वाक्य बसत नाही. महानोर ओळ तोडतात, तुकडे लहान ठेवतात, एकाच ध्वनीचे शब्द शेजारी आणतात आणि क्रियापद अशा जागी ठेवतात की थाप तिथंच पडावी. हे शास्त्र पुस्तकातून येत नाही. निंदणीच्या रांगेत बसून, वहीच्या रात्री जागून ते अंगात भिनतं. हृदयनाथांच्या चाली चढायला अवघड. पण शब्द इतके गुळगुळीत की गाणाऱ्याला कुठं ठेच लागत नाही.

आणि चिंधी झाली होती स्मिता पाटील. धुळे जिल्ह्यानं हे अभिमानानं सांगावं. स्मिताचा जन्म पुण्याचा. पण तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे. खानदेशी रक्ताची अभिनेत्री आणि अजिंठ्याच्या पायथ्याचा गीतकार यांनी मिळून मराठी पडद्यावर एक अशी बाई उभी केली की तिला आपल्या इच्छेची लाज वाटत नाही. तोपर्यंत आपल्या चित्रपटातल्या स्त्रीचा शृंगार बहुधा लावणीतून, म्हणजे पुरुषांच्या बैठकीपुढं यायचा. चिंधीचं गाणं कुणाच्या बैठकीसाठी नाही. ती स्वतःसाठी, रानासाठी, आपल्या माणसासाठी गाते. माझ्या मते हे मराठी गीतलेखनातलं मोठं वळण आहे आणि त्याचं मूळ बायांच्या ओव्यांत आहे. तिथं बाई कित्येक शतकं असंच मोकळेपणानं बोलत आली होती.

यानंतर महानोरांकडे चित्रपटांची रीघ लागली असती. त्यांनी मोजकेच घेतले. १९८७ मध्ये राजदत्तांचा ‘सर्जा’, पुन्हा हृदयनाथांच्या संगीतात. शिवकाळाची पार्श्वभूमी असूनही त्यातली पावसाची, रानाची गाणी लोकांच्या मनात राहिली.

आणि १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’. कथा-पटकथा पु. ल. देशपांड्यांची, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार आनंद मोडक. नायक आबुराव, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केलेला. तमाशातल्या बाईचा मुलगा सोंगाड्या होतो, सिनेमाचा नट होतो, राजकारणात ओढला जातो. सगळ्यांना हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी हसत नाही. इथं गीतकाराला अख्खा तमाशा लिहायचा होता. आपल्या जत्रांतून ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना क्रम माहीत आहे. आधी गण, गणपतीला वंदन. मग गवळण, कृष्ण, पेंद्या, मावशी. मग रंगबाजीच्या लावण्या. मग बतावणी आणि शेवटी वग. प्रत्येकाची भाषा निराळी. गणात भारदस्तपणा, गवळणीत लाडिक खोडी, लावणीत ठसका आणि आतून व्याकूळपणा. महानोरांनी हे सगळं लिहिलं आणि जुन्या शाहिरांच्या ओळी उसन्या न घेता लिहिलं. या चित्रपटाच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपटही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. एका लावणी कलावतीच्या पायांना देशानं मान दिला, तिच्या पदन्यासाखाली महानोरांचे शब्द होते, याचा मला फार आनंद वाटतो.

‘विदूषका’ची गाणी नीट ऐकली तर आबुरावची पडझड त्यांतून ऐकू येते. सुरुवातीची गाणी फडाची, मातीला धरलेली. तो जसजसा झगमगाटात जातो, तसा गाण्यांचा बाज बदलतो. माणूस आपल्या मुळापासून किती लांब गेला हे संवाद सांगतातच, पण गाणी आधी सांगतात.

त्यानंतर ‘मुक्ता’ आणि ‘दोघी’. दोन्हींचं संगीत आनंद मोडकांचं. १९९५ चा ‘दोघी’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट म्हणजे दुष्काळी गावातल्या दोन बहिणींची कहाणी. लग्नाच्याच दिवशी थोरलीचं नशीब फिरतं, गाव तिला पांढऱ्या पायाची ठरवतं आणि गरिबी तिला मुंबईच्या बाजारात नेऊन बसवते. महानोर रानाचं गोंडस चित्र काढतात, हिरव्या रंगात दुःख बुडवून टाकतात, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. उत्तर म्हणून मी ‘दोघी’तली त्यांची गाणी पुढं ठेवतो. तिथं पाऊस नाही. तडकलेली भुई आहे आणि तिच्याइतकीच कोरडी पडलेली माणसं आहेत. ज्या लेखणीनं भरलेलं आभाळ लिहिलं, तिनंच हे लिहिलं. शेतकऱ्याच्या आयुष्यात हिरवं आणि करपलेलं एकाच बांधावर असतं. १९७२ चा दुष्काळ महानोरांनी शेतकरी म्हणून भोगला होता. साहित्य अकादमीचा पुरस्कार २००० साली त्यांना ज्या संग्रहासाठी मिळाला, त्याचं नाव ‘पानझड’ आहे, हेही लक्षात ठेवावं.

आता ‘अजिंठा’. हा विषय तर आपल्या दाराशीच आहे. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि इथलाच झाला. पारो नावाची इथली स्त्री त्याच्या आयुष्यात आली. १८५६ मध्ये ती गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृती लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये बहुतेक जळाल्या. तरी त्यानं पुन्हा काम सुरू केलं. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याचं दफन आपल्या भुसावळात झालं. भुसावळच्या स्टेशनातून रोज हजारो माणसं ये-जा करतात, त्यांतल्या किती जणांना ही कबर ठाऊक आहे?

महानोरांनी या दोघांवर १९८४ मध्ये ‘अजिंठा’ हे खंडकाव्य लिहिलं. इतिहासात पारोबद्दल फार थोडं सापडतं. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कागदांत तिच्यासाठी जागा नाही. तिला मन दिलं, आवाज दिला तो कवीनं. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर चित्रपट केला. संगीत कौशल इनामदार यांचं, गीतं महानोरांची. सत्तरीला टेकलेला कवी आपल्याच काव्याकडे गीतकार म्हणून परत आला. कवितेत कवी एकटा असतो. चित्रपटात त्याच ओळींना चाल, गळा, नटीचा चेहरा आणि दृश्याची लांबी सांभाळावी लागते. कविता आणि गीत यांत वरचं-खालचं काही नाही, दोन्हींना सारखीच निष्ठा लागते, हे महानोरांनी ‘अजिंठा’वर दोनदा मेहनत घेऊन दाखवलं.

एकूण कारकीर्द पाहिली तर चित्रपट थोडे आणि ठसा मोठा. थोडे का? कारण त्यांचं घर गाण्यांवर चालत नव्हतं. ते शेतकरी होते. पळसखेड्याच्या उतारावरचं पाणी अडवायचं, सीताफळाची बाग उभी करायची, ठिबकचे प्रयोग करायचे, यात त्यांचा जीव होता. जळगावचे उद्योजक भवरलाल जैन यांच्याशी त्यांचं मैत्र जमलं ते पाण्यावरच्या आणि शेतीवरच्या प्रेमापोटी. १९७८ मध्ये, ‘जैत रे जैत’ची गाणी सगळीकडे वाजत असताना, ते विधान परिषदेवर नियुक्त झाले. पुढं पुन्हा एकदा झाले. तिथं ते कवितेइतकंच जलसंधारणावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतकऱ्याच्या हालांवर बोलले. १९९१ मध्ये पद्मश्री, २००९ मध्ये जनस्थान पुरस्कार. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात ते गेले आणि अखेरचा निरोप त्यांनी पळसखेड्यातच घेतला.

जो माणूस रोज मातीत हात घालतो, त्याला गाण्यासाठी प्रतिमा शोधत हिंडावं लागत नाही. आणि ज्याचं पोट गीतलेखनावर नाही, त्याला मनाविरुद्ध लिहावं लागत नाही. महानोरांच्या गाण्यांत भरताड सापडत नाही याचं मोठं कारण मला हे दिसतं. मुंबईला जाऊन राहिले असते तर कदाचित दहापट गाणी मिळाली असती. पण ही गाणी मिळाली असती का, याची मला शंका आहे.

श्रोतेहो, महानोरांच्या कामातली एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ‘पळसखेडची गाणी’ हे त्यांचं पुस्तक. त्यातली गाणी त्यांची नाहीत. त्यांच्या गावातल्या बायांची आहेत. आपल्या कवितेचं घराणं कोणतं, हे या कवीनं स्वतः कागदावर मांडून ठेवलं. ओवी म्हणणाऱ्या आईबायांना त्यानं उस्तादाचा मान दिला.

त्या घराण्याचं आज काय झालं आहे, हे आपण आपल्या घरात पाहतोच. जाती अंगणात शोभेला ठेवली गेली. निंदणीच्या जागी तणनाशक आलं. शेतातल्या खिशाखिशात मोबाइल वाजतो. यातलं बरंचसं चांगलंही आहे. बाईच्या मानेवरचं ओझं हलकं झालं, याचं दुःख मी करणार नाही. पण अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी, भिलोरी या आपल्या बोलींतली हजारो गाणी सत्तरी-ऐंशीच्या बायांच्या ओठांवर आहेत आणि त्यांच्याबरोबरच ती जाणार आहेत. पुढच्या महानोराला मग ठेका कुठून मिळणार? तो काय ऐकून लिहिणार?

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे, विशेषतः इथं बसलेल्या शिक्षकांकडे आणि महाविद्यालयीन मुलामुलींकडे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागानं आपापल्या तालुक्यातली गाणी या वर्षापासून नोंदवायला घ्यावीत. तुमच्या हातातल्या मोबाइलवर आवाज उत्तम टिपला जातो, वेगळा पैसा लागत नाही. गाणाऱ्या बाईला आधी विचारा, तिची संमती घ्या, तिचं नाव आणि गाव त्या गाण्यापुढं मानानं लिहा. गाणं कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात, ते टिपा. नुसते शब्द उतरवलेत तर अर्धंच हाती लागेल. आखाजीला गावी जाल तेव्हा आजीपाशी बसा. श्रावणात कानबाईचं जागरण असेल तिथं पहाटेपर्यंत थांबा. पारोळ्याचं वेगळं, साक्रीचं वेगळं, रावेरचं वेगळं, यावलच्या डोंगरातलं आणखी वेगळं, हे सगळं एकत्र येऊ द्या.

महानोरांचे पुतळे होतील, पुरस्कारही निघतील. ते जरूर व्हावेत. पण ज्या कवीनं आपल्या पुस्तकाला आपल्या गावच्या बायांची गाणी म्हटलं, त्याचं ऋण फेडायचं असेल तर त्याचंच काम पुढं न्यायला हवं. ते काम अवघड नाही आणि त्याला आता उशीरही परवडणारा नाही. ज्यांना यात सहभागी व्हायचं आहे, त्यांनी सभा संपल्यावर मला इथंच भेटावं. कुणी कोणत्या गावापासून सुरुवात करायची, ते आजच ठरवू.